कुडाळचं बिनबोर्डाचं गॅरेज आणि आमच्या डिझायरचं जुनं-नवं इंजिन

या गॅरेजला बोर्ड नाही. कुडाळहून जुन्या हायवेने पिंगुळीच्या दिशेने निघालं की पत्र्याची एक लांब शेड लागते, पुढ्यात फणस, आणि फणसाखाली बॉनेट उघडी टाकलेली एखादी बोलेरो. मेस्त्रींचं नावही लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. पण तारकर्ली-देवबागला आमच्यासारखी घरगुती राहण्याची सोय चालवणाऱ्या कितीतरी जणांकडे जुन्या डिझेल गाड्या आहेत, आणि इंजिन गेलं तर पुढे काय हा प्रश्न त्यांना आज ना उद्या पडणार. म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांना नुसता निकाल हवा त्यांच्यासाठी: काम पक्कं, हिशेब चोख, वेळेच्या नावाने बोंब, आणि सीटवर ग्रीस.

गाडी आमची २०१३ ची स्विफ्ट डिझायर, डिझेल. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणणं-सोडणं, मालवणचा बाजार, सासूबाईंची डॉक्टरकडची फेरी, सगळं तिच्यावर. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं, त्यामुळे तशीच दुसरी नवी मिळणार नाही. आणि पाच माणसं, त्यांच्या बॅगा आणि धामापूरचा चढ या तिन्हींचा हिशेब घातला की मला डिझेलच बरं वाटतं.

आंब्याच्या सिझनमध्ये, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, गाडी चालवणारा आमचा मुलगा एका कुटुंबाला मांडवी एक्स्प्रेसला सोडायला निघाला. काळशाच्या आसपास रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली, आणि खडीत चिऱ्याचा एक तुकडा. चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला, खालून दणका बसला. थोड्या वेळाने तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला. मागे बसलेले काका घड्याळ बघत होते. पोराने गाडी तशीच रेटली. नेरूरपारच्या पुलाजवळ ठकठक सुरू झाली आणि इंजिन जाम. पाहुणे रिक्षाने स्टेशनला पोहोचले, त्यांना गाडी मिळाली. आमची मात्र टेम्पोला दोरीने बांधून पिंगुळीला गेली.

तो लाल दिवा तेल किती उरलंय ते दाखवत नाही. इंजिनात तेलाचा दाब पडला की तो पेटतो. या इंजिनात तेल जेमतेम तीन लिटर मावतं, चेंबर फुटल्यावर ते सांडायला कितीसा वेळ लागणार? दिवा पेटला की जिथे असाल तिथे चावी बंद. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर आता मी तशी चिठ्ठीच चिकटवली आहे, पाहुण्यांनाही वाचता येईल अशी.

मेस्त्रींनी चेंबर खोलून दाखवला. तळाशी चांदीच्या वर्खासारखा चुरा चमकत होता. तो बेरिंगचा होता. क्रँकवर (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) नख अडकेल असे चरे. या इंजिनात टायमिंगला पट्टा नसून चेन असते, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. दाब गेल्यावर चेन सैल झाली, दात सुटले, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले. मेस्त्री हात पुसत म्हणाले, "वहिनी, इंजिन गेला. ह्याच्यार पैसे घालू नकात."

हे ऐकून मला आश्चर्य वाटलं, कारण हाफ इंजिनचं, म्हणजे जुनंच इंजिन खोलून दुरुस्त करायचं, काम गॅरेजवाले आनंदाने घेतात. त्यांनी समजावून सांगितलं. क्रँक घासायचा, नवे बेरिंग, हेडचं काम, चेन, ऑइल पंप, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, तोही तेलावरच फिरतो, म्हणजे तोही गेला), हे सगळं धरलं तर खर्च लाखाच्या पुढे जातो. तरी आत कुठल्या बारीक वाटेत चुरा अडकून राहिला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा नव्या इंजिनाचा अंदाज दोन लाखांच्या वर गेला. गाडी आज विकली तर तीन लाख येतील की नाही शंका. विम्याचं विचाराल तर चेंबर फुटला तो अपघात, त्याचे पैसे मिळतात. पण तेल गेल्यावर गाडी चालत राहून आतलं इंजिन खराब झालं तर तो परिणाम म्हणून झालेला तोटा, तो साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. दहा वर्षांच्या गाडीला ते कोण घेतं, आणि बहुतेक कंपन्या देतातही कुठे. म्हणून दुसऱ्या गाडीतून निघालेलं, चालू स्थितीतलं इंजिन आणायचं ठरलं.

आता या गॅरेजची खरी किंमत जिथे कळली तो भाग. इंजिन आणायला मेस्त्री स्वतः मुंबईला गेले. आमच्या शेजाऱ्यांची आंब्याची पिकअप वाशीच्या मार्केटला निघाली होती, तिच्यातून जायचं आणि परत येताना रिकाम्या पिकअपमध्ये इंजिन घालून आणायचं. या इंजिनाचं कोरडं वजन १३० किलोच्या आसपास, त्यामुळे पिकअपला काही विशेष नाही. माझा भाऊ भांडुपला असतो, त्याला पैसे घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडला पाठवलं. मी इथे पाहुण्यांच्या आंबोळ्या घालता घालता व्हिडिओ कॉलवर.

आधी इंजिनाचं कूळ सांगायला हवं. आमच्या गाडीतलं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. तेच मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये डीडीआयएस नावाने, टाटाच्या व्हिस्टामध्ये क्वाड्राजेट नावाने, आणि फियाटच्या पुंटो-लिनियामध्ये आहेच. त्यामुळे कुर्ल्यात दुकानदाराला "तेरा मल्टिजेट" (१.३ लिटरचं म्हणून तेरा) म्हटलं की तो ढीगभर इंजिनं दाखवतो आणि सगळी "एकच" म्हणून सांगतो.

पहिलं दाखवलं ते टाटाचं. किंमत सगळ्यात कमी. भाऊ म्हणाला घेऊन टाका. मेस्त्रींनी नकार दिला. आतली भावंडं सख्खी असली तरी हातपाय वेगळे: इंजिन ज्यावर बसतं ते माउंट, चेंबरचा आकार, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, वायरिंगचे सॉकेट, काही जुळत नाही. आपल्या जुन्या इंजिनाचे भाग काढून लावता येतात, लोक लावतातही, पण मग प्रत्येक ठिकाणी वॉशर घाल, घासून बसव, आणि आरटीओत इंजिन नंबर दुसऱ्याच कंपनीचा. तो कोण निस्तरणार?

दुसरं एर्टिगाचं. दिसायला छान, धुऊनपुसून ठेवलेलं. दुकानदार म्हणाला, यात ताकद जास्त आहे, ताई खूश होतील. खरंच जास्त असते. आमचं ७५ पीएसचं, साध्या टर्बोचं. एर्टिगाचं ९० पीएसचं, त्यातल्या टर्बोची पाती वेगाप्रमाणे कोन बदलतात. पण ती पाती हलवायचा हुकूम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, देतो, आणि आमच्या गाडीच्या ईसीयूला तो येत नाही. टर्बो बदलायचा, इंटेकची पाइपलाइन बदलायची, इतकं करून मिळणार काय? मेस्त्रींनी फोन माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "ताकद वाढवन काय करतलास? चिरे न्हेवचे आसत काय?" दोन्ही इंजिनांचे नंबर डी१३ए नेच सुरू होतात, हेही त्यांनी तेव्हा दाखवलं. म्हणजे नुसती नंबराची सुरुवात बघून घेणारा फसू शकतो.

तिसरं अगदी आमच्यासारखं, डिझायरचंच. मला वाटलं झालं एकदाचं. मेस्त्रींनी अल्टरनेटरच्या जाळीत बॅटरी मारली, मग तेल भरायचं झाकण उघडून बोट फिरवलं, मग बेल्टच्या पुलीमागे. जाळीच्या आत वाळलेला तांबडा गाळ होता आणि ऑइल कॅपखाली दुधाळ साय. "ह्या पाणी पिलेला आसा." पुरातलं इंजिन. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. बुडालेली गाडी कुठेतरी जातेच, आणि तिचं इंजिनही. पाणी आत ओढलं गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असतो, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. असं इंजिन चालू होतं, महिना-दोन महिने चालतंही, आणि मग एके दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. दुकानदाराने पूर वगैरे काही नाही म्हणून शपथ घेतली. मेस्त्री पुढच्या दुकानात.

भाऊ इथे वैतागला. त्याने मला वेगळा फोन करून सांगितलं की तुझा मेस्त्री मुंबई बघायला आलाय.

मिळालं ते संध्याकाळी. अपघातात मागून चेपलेल्या डिझायरचं, दिल्लीकडून आलेलं. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने गंडांतर आणलं, त्यामुळे तिकडचा माल इथे येतो, असं दुकानदाराचं म्हणणं. मला एवढं दिसलं की बोल्ट कोरडे होते, आमच्या किनाऱ्यावर गाडीच्या पोटाखाली चढतो तसा खारा गंज नव्हता. मेस्त्रींनी पान्याने क्रँक हाताने फिरवून बघितला, टर्बोचा दांडा हलवून किती ढिला आहे ते बघितलं, चेंबर खोलायला लावला, आणि बॅटरी-डिझेल जोडून तिथेच चालू करायला लावलं. ऑइल कॅप उघडी ठेवून धूर किती फेकतं ते बघितलं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे. ६२,००० रुपये, टर्बोसकट, इंजेक्टरशिवाय (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते).

पैसे देण्याआधी कागद. बिलावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत, चेसिस नंबर, आणि लावून बघण्याची पंधरा दिवसांची हमी. ही हमी इंजिन बदलून देण्यापुरती असते, लावण्या-काढण्याची मजुरी आपलीच. दुकानदार आधी साध्या चिठ्ठीवर लिहून द्यायला बघत होता. मेस्त्रींनी इंजिन परत खाली ठेवायला सांगितलं, तेव्हा पक्कं बिल निघालं. चोरीच्या गाडीचं इंजिन पदरात पडलं तर पोलिसांचं लचांड आपल्या मागे लागतं, दुकानदाराच्या नाही.

बसवण्याचं काम शेडमध्ये. इंजिन-गिअरबॉक्स एकत्र चेन पुलीने उतरवलं. आमच्या गाडीचे खालचे बोल्ट खाऱ्या हवेने इतके धरले होते की गॅस मारून गरम करावे लागले, दोन तुटलेच. मेस्त्रींनी नव्या इंजिनावर नवीन काय घालायचं त्याची यादी आधी मला दाखवली, आणि इथेही काही गोष्टींवर ते हटले नाहीत. चेन किट नवीन, कारण इंजिन बाहेर असताना ते काम सोपं आहे आणि गाडीत बसल्यावर डोकेदुखी. मागचं क्रँक सील नवीन, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट-बेरिंग नवीन, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, माउंट नवीन. ऑइल कूलर नवीन, जुना चांगला दिसत असला तरी त्यात आमच्या बेरिंगचा चुरा असणार. इंटरकूलर आणि त्याचे पाइप डिझेलने धुतले.

इंजेक्टर मात्र आमचेच ठेवले. अशा इंजिनातल्या प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड असतो आणि तो ईसीयूत भरलेला असतो. त्यावरून कुठल्या सिलिंडरला किती डिझेल जातं ते बारीक जुळवलं जातं. आमच्या इंजेक्टरना तेलाच्या भानगडीने काही झालं नव्हतं. त्यामुळे तेच, त्याच क्रमाने, फक्त खालचे तांब्याचे वॉशर नवीन. ईसीयूही आमचाच, म्हणून चावीच्या इमोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या कुलपाचा) काही प्रश्न आला नाही. जे दुकानदार इंजिनाबरोबर ईसीयू गळ्यात मारतात त्यांना विचारा की चावी कोण जुळवून देणार.

पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारला, थांबत थांबत, लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे तेल वरपर्यंत पोहोचलं. मग डिझेल सोडलं. दुसऱ्या सेल्फला घेतलं. शेडमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मेस्त्री त्यांच्यावर ओरडले, कुठून पाणी-तेल गळतंय ते बघा आधी.

एकूण हिशेब: इंजिन ६२,०००, सुटे भाग, तेल, कूलंट मिळून ३१,०००, मजुरी १४,०००, पिकअपचं भाडं आणि हमाली ४,०००. झाले १,११,०००. प्रत्येक पार्टचं बिल वेगळं, जुने पार्ट गोणीत भरून दाखवले. जुनं इंजिन भंगारात घातलं त्याचे पैसे मजुरीतून वळते केले होते. भंगारात घालण्याआधी जुन्या नंबराचा फोटो काढून ठेवा, आरटीओच्या कामात हाताशी असलेला बरा.

आरटीओचं काम गॅरेज करत नाही, ते आपलं आपण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, इंजिन बदललं की चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा असतो. आमचं ऑफिस ओरोसला. अर्ज, आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद घेऊन गेले, निरीक्षकांनी गाडी बघून नंबर पडताळला. कर्ज असेल तर बँकेची परवानगीही लागते. मग विमा कंपनीला नवा नंबर कळवून पॉलिसीत बदल. हे टाळणारे बरेच भेटले, "कोण बघतंय?" म्हणणारे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. आमची २०२८ ला संपेल, तेव्हा नूतनीकरणाला गाडी पुढ्यात उभी करावीच लागेल आणि नंबर बघितला जाईलच. त्याआधी कुठे धडक बसली तर विम्याचा माणूसही तोच नंबर आधी बघतो.

आता तक्रारी. मेस्त्रींचं "उद्या करतंय" हे वाक्य ऐकून ऐकून माझी सासूसुद्धा त्यांची नक्कल करायला लागली. आठवड्यात देतो म्हणालेली गाडी पंधरवडा उलटून गेल्यावर मिळाली, तीही ऐन मे महिन्यात, जेव्हा भाड्याच्या गाडीला तोंडाला येईल तो दर द्यावा लागतो. ते भाडं धरलं तर माझा खर्च वरच्या आकड्याहून बराच जास्त आहे. उशिराचं कारण विचारलं तर खरं कारण सांगतात (क्लचचा सेट कोल्हापूरहून यायचा होता, बोल्ट तुटले), पण आपण विचारल्यावर. स्वतःहून फोन करतील तर शपथ. सीटवर कव्हर घालत नाहीत. ड्रायव्हरच्या सीटवर ग्रीसचा पंजा उमटलेला आहे, तो निघत नाही. ऑनलाइन पैसे घेतात, पण बसायला जागा म्हणजे टायर.

गाडी आल्यावर उभ्या उभ्या थरथर जाणवत होती, मिररमध्ये मागचं दिसेना. परत नेली. नवा बसवलेला माउंट हलक्या प्रतीचा निघाला, त्यांनी पैसे न घेता चांगला घातला. हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलून घ्यायला बोलावलं होतं, तेव्हा काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून चुरा आहे का बघितलं. नव्हता. पावसाळा संपेपर्यंत गाडी धामापूरचा चढ पूर्वीसारखी चढली, एसी चालू ठेवून, पाच माणसांसह. मायलेजमध्ये फरक नाही. थंड इंजिनाचा आवाज आधीपेक्षा थोडा जास्त वाटतो, मेस्त्री म्हणतात तुमच्या कानाचा भ्रम, माझं मत मी राखून आहे.

कुणी जावं? ज्यांची गाडी बाकी सगळी धड आहे, बॉडीला गंज नाही, आणि ज्यांना अजून चार-पाच वर्षं वापरायची आहे. पत्रा खाऊन गेला असेल तर लाख रुपये इंजिनात घालू नका, मेस्त्री स्वतःच नको म्हणतील; आमच्यासमोर त्यांनी एका इंडिकावाल्याला परत पाठवलं. ज्यांना ठरल्या दिवशी गाडी हवी त्यांनी दुसरीकडे बघावं. गणपतीच्या आधीचे दोन आठवडे मोठं काम घेत नाहीत, मुंबईकरांच्या गाड्यांची रांग लागलेली असते. आणि फोन सकाळी आठच्या आत करा. त्यानंतर हात ग्रीसमध्ये असतात, उचलत नाहीत.